गड चढताना हात मोकळे ठेवा!

पावसाळ्यात कुरुंद्याहून कळसूबाई, हरिहरला निघालेली मुलं पाहतो: अंगात जीन्स, पायात चप्पल, हातात मोबाईल. माझ्या मते ही तयारी नव्हे. हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढायला दोन्ही हात लागतात. म्हणून मोबाईलसह सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. भिजलेली जीन्स जड होते, अंग गार पाडते. लवकर सुकणारी सैल पँट, चांगल्या पकडीचे बूट आणि रेनकोट घ्या. सोबत दोन-तीन लिटर पाणी, ओआरएस, गूळ-शेंगदाणे, बँडेज, टॉर्च, शिट्टी असू द्या. मधुमेहाची औषधं सुरू असतील तर साखर खिशात हवीच. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच बसा, सोबत्यांना सांगा. शिखराचा हट्ट नको. गड कुठे पळून जात नाही.