स्टेडियमचं तारण

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. चेंडू काखोटीला मारून पळतात, म्हणून त्याला फुटबॉल म्हणायचं! त्याबद्दल माझी तक्रार नाही. बँकेतली कित्येक 'चालू' खातीसुद्धा वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत. माझी तक्रार आहे ती चिमुकल्या कॉलेजांनी या खेळापायी बांधलेल्या स्टेडियमांबद्दल.

समर्थक सांगतात, "अहो, या छोट्या कॉलेजांत खेळाडूंना खेळाची शिष्यवृत्ती नसते. फुटबॉल सुरू केला, की फी भरणारी शंभरेक पोरं आयती येतात!" म्हणजे खातं उघडा आणि स्टीलचा डबा घेऊन जा. ठेवी गोळा करायची ही तऱ्हा मला अनोळखी नाही. पण डबे वाटण्यासाठी बँकेनं कर्ज काढलेलं मी अजून पाहिलं नाही. बरं, मोसमात घरचे सामने पाच-सहा. उरलेले दिवस त्या पायऱ्यांवर बसतं कोण? व्याज!

अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजचं पाहा. १८५६ सालची संस्था. अखेरीस हजारभरही विद्यार्थी नव्हते. २००७ मध्ये फुटबॉल पुन्हा आणला, पाठोपाठ स्टेडियम उभं राहिलं. एकट्या स्टेडियमनं कॉलेज बुडवलं असं मी म्हणणार नाही. इतर बांधकामं होती, विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या हिशेबातला घोळही होता. २०२३ मध्ये राज्याकडे कर्ज मागितलं. राज्याच्या खजिनदारांनी कॉलेजची पत पाहिली आणि मान हलवली, आडवी. ३१ मे २०२४ रोजी कॉलेज बंद झालं. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. कॉलेज संपलं, खेळ चालू!

खेळाला आधी भव्य स्टेडियमच लागतं, असं म्हणणाऱ्यांना १९२१ साल दाखवावं. केंटकीतल्या सेंटर या इवल्याशा कॉलेजनं बलाढ्य हार्वर्डला ६-० हरवलं, तेही हार्वर्डच्याच स्टेडियममध्ये. 'सी ६, एच ०' ही अक्षरं सेंटरच्या आवारात रंगवली गेली. स्मारकाचा एकूण खर्च, रंगाचा एक डबा!

तेव्हा पोरांना मैदान द्या, चेंडू द्या, चांगला मास्तर द्या. पायऱ्या मात्र उसन्या पैशानं बांधू नका. प्रेक्षक उभ्यानं सामना पाहतील. पण फी भरलेल्या पोराला अर्ध्या वाटेत दुसरं कॉलेज शोधायला लावायचं, हा कुठल्या खेळाचा नियम?