हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

सन 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला आणि यवतमाळकरांना टँकरमागे धावावे लागले. अशा शहरात उद्यान म्हणजे हिरवळ आणि कारंजे ही कल्पना येते कोठून? (साहेबी बंगल्यातून, दुसरे काय!) वैशाखात चौरस मीटरला रोज अवघे 5 लिटर धरले, तरी एकरभर हिरवळ 20 हजार लिटर पिते. दरडोई 135 लिटरच्या सरकारी मापाने ते दीडशे माणसांचे पाणी होय. आणि त्या हिरवळीवर माणसांनी पाऊल ठेवू नये अशी पाटी! कडुनिंब, चिंच, वड यांना पहिली दोन-तीन वर्षे जपावे लागते. पुढे ते फारसे काही मागत नाहीत. सावली मात्र हमालालाही देतात.

खरी लूट याहून खोल आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 अन्वये, बगीच्यासाठी राखलेली जमीन 10 वर्षांत संपादन झाली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही मुदतीत पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगावी, मुदत टळू द्यावी, की मोक्याची जागा बिल्डरला मोकळी! नगर परिषदेने आरक्षित भूखंडांची यादी मुदतीच्या तारखांसह प्रत्येक वस्तीत लावावी. कारंज्यांचे अंदाजपत्रक नंतर पाहू.