सहाशे साचे आणि आपली सोय

गेल्या नाताळापूर्वी आमच्या कोल्हापूरच्या गायकवृंदाच्या सरावाला मी सहज जाऊन बसलो. मुलांच्या हाती गीतांचे कागद होते. शब्द मराठी, चाल मराठी. अक्षरे मात्र रोमन! कारण विचारले. उत्तर आले, ‘‘फादर, देवनागरी वाचताना मुले अडखळतात. शिवाय मोबाइलवर असे टाइप करणे सोपे जाते.’’ मी मुलांना आपल्या छापील अक्षराची हकिकत सांगू लागलो, तेव्हा एक सुविद्य पालक हसून म्हणाले, ‘‘फादर, हा इतिहास मुलांना कशाला? आता सगळे संगणक करतो.’’

त्या वेळी मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे चुकीचे होते, म्हणून हा लेख.

हा विषय मी वर्गात शिकलो नाही. पुण्यास सेमिनरीत असताना वार्षिकाची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. छापखाना जुन्या पद्धतीचा, खिळे हाताने जुळवण्याचा. एका मुद्रितात मी लहर लागली म्हणून एक शब्द बदलला. वयस्क जुळाऱ्याने मला बोलावून घेतले, हाती स्टिक दिली आणि म्हटले, ‘‘ही ओळ आता तुम्हीच जुळवा.’’ उलटी अक्षरे, जोडाक्षरांचे वेगळे खण, वेलांट्यांचे खिळे निराळे, ‘वाऱ्यावर’मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या रकाराचा खिळा आणखी निराळा. एका ओळीला तास लागला. माझी लहर त्या माणसाला किती महाग पडत होती, ते त्या तासाने शिकवले. पुढे ग्रंथालयात अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेवरचा १९५८ चा इंग्रजी ग्रंथ हाती आला, आणि त्या ओळीमागे केवढा इतिहास उभा आहे ते कळले.

त्या इतिहासाचा आरंभ आपल्याच घरात आहे. भारतातील पहिला छापखाना येशूसंघीयांनी १५५६ साली गोव्यात उभारला. १५७८ साली कोल्लम येथे तमिळ अक्षरांत पुस्तक छापले गेले. परंतु मराठीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात ही खंत मांडली आहे. या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत ग्रंथ छापले जावेत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असे ते लिहितात. अडचणी दोन सांगतात. युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे सहाशे ओतावे लागतील. आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून हे काम होणे नाही. ते सहाशे साचे कधी ओतले गेलेच नाहीत. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे निघाले ते रोमन अक्षरांत. पुढच्या १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्या रोमन, १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती आली १९५६ साली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य छापील रूपात आपल्या लिपीत येण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली! सामान्य मराठी वाचकाला ते परके का वाटले, याचे एक मोठे कारण येथे आहे.

आता माझा प्रश्न असा: स्टीफन्स यांची ती विवशता होती, आपली कोणती? त्यांच्यापाशी साचे नव्हते. आपल्या मुलांच्या खिशातल्या यंत्रात संपूर्ण देवनागरी आहे. जागतिक संकेतप्रणालीत, युनिकोडमध्ये, ती १९९१ पासून आहे. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारख्या अक्षरतपस्व्याने घडवलेला ‘मंगल’ संगणकाबरोबर आपसूक घरी आला. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देखणे फॉन्ट कोणीही विनामूल्य घ्यावेत. तरीही आपण रोमनकडे वळतो, ते केवळ सोयीसाठी. आणि त्या सोयीला ‘काळाची गरज’ असे भारदस्त नाव देतो.

कोणी म्हणेल, रोमी कोंकणीने रोमन लिपीतच समृद्ध साहित्य निर्मिले नाही काय? अवश्य निर्मिले, आणि त्याविषयी मला आदर आहे. पण ती लिपी त्या समाजाने पिढ्यान् पिढ्या जपली, तिचे लेखननियम घडवले, तीत वृत्तपत्रे आणि कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या कागदावरच्या रोमनला कसलाही नियम नाही. ‘त’ आणि ‘ट’ तीत एक, ‘न’ आणि ‘ण’ एक, ‘ळ’ बेपत्ता. या लिपीत गाणारे मूल शब्द उच्चारते. त्याला तो कळतोच असे नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेची दारे लोकभाषेला उघडली, ती अशा अर्धवट उच्चारांसाठी नव्हेत.

‘सगळे संगणक करतो’ हे विधानही तपासून पाहावे. संगणक तेच करतो, जे कोणा जाणत्याने त्याला शिकवलेले असते. अनेक फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानण्यासाठी शासनाला नोव्हेंबर २००९ मध्ये निर्णय काढावा लागला. किती शिक्षकांच्या हे लक्षात आले? आमच्या चौकातले फ्लेक्स पाहा. जोडाक्षरे फुटलेली, अक्षरे ताणून रुंद केलेली. ज्या कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आपल्या कुंचल्यामुळे ‘पेंटर’ झाले आणि आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगवीत, त्या शहराची ही दशा! ज्याला अक्षराचे घडणे ठाऊक नाही, त्याला त्याचे बिघडणे दिसत नाही. विद्यार्थ्याने हा इतिहास शिकावा तो यासाठी.

शिवाय या इतिहासात नम्रतेचा एक मोठा पाठ आहे. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने सेरामपूर येथे देवनागरीचे ठसे कोरले. तेथूनच १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८१७ साली मराठी छपाई आरंभली ती कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांवर. पुढे तेथे थॉमस ग्रॅहम यांनी सुबक अक्षरे पाडली. त्याच छापखान्यात लहानपणी खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर उभारले, आणि तेथील संस्कृत ग्रंथांची छपाई देशभर आदर्श ठरली. सावरकरांनी खिळ्यांचा भार हलका करण्यासाठी ‘अ’ची बाराखडी सुचवली; आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती वापरली. तिच्याविषयी मतभेद असोत. अडचण आली म्हणून यांपैकी कोणीही अक्षर टाकून दिले नाही. हिंदू लोहार, ख्रिस्ती मिशनरी, गरिबाघरचा मुलगा, राजकीय पुढारी अशा अनेकांच्या श्रमांतून आपले छापील अक्षर उभे राहिले. जे आपणास आयते मिळाले, ते कोणाच्या घामाचे, हे न सांगता आपण मुलांवर कोणते संस्कार करणार?

माझे मागणे मोठे नाही. आपल्या शाळा, वसतिगृहे आणि सेमिनरी यांनी वर्षातून चार तास या विषयाला द्यावेत. जुना छापखाना कोठे उरला असेल तर मुलांना तेथे न्यावे. एक ओळ, आपल्या नावाची का होईना, प्रत्येकाने हाताने जुळवावी. आणि उपासनेच्या कागदावर मराठी गीत मराठी अक्षरांतच छापावे. मुले अडखळतील. अडखळू देत, वाचायला शिकणारा प्रत्येक जण अडखळतोच.

येत्या नाताळात आमच्या गायकवृंदाच्या हाती देवनागरी कागद असेल. त्यासाठी सराव महिनाभर आधी सुरू करावा लागला तरी चालेल. त्या पालकांनाही मी सरावाला बोलावणार आहे.