माणकोली नाका पायी ओलांडणाऱ्यांनो, येत्या ग्रामसभेला याच!

वळ, पूर्णा, दापोडे, माणकोलीच्या ग्रामस्थांनो आणि इथल्या गोदामांत कामाला येणाऱ्या सगळ्यांनो,

ठाणे-वडपे महामार्गाचं आठपदरीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलंय. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत खुला झाला. त्याच्याच आगेमागे डोंबिवलीकडून मोठागाव-माणकोली पूलही सुरू झाला. गाड्यांची सोय झाली, चांगलंच झालं. पण पाळी सुटल्यावर डब्याची पिशवी घेऊन नाक्याकडे निघालेल्या बाईचं काय? सायकलवरच्या हमालाचं काय?

महामार्गावरून उतरणारा रस्ता गावच्या रस्त्याला मिळतो, तिथे खरा धोका आहे. असं वळण ऐसपैस ठेवलं की ड्रायव्हर ब्रेकवर पायच ठेवत नाही. त्याची नजर उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते आणि आपण असतो डावीकडे. केबिनच्या डाव्या अंगाला चिकटून चाललेला सायकलवाला त्याला बहुधा दिसतही नाही. त्यात ट्रेलर वळताना मागची चाकं कोपरा कापत आत येतात. पुढचं चाक गेलं म्हणून पाऊल टाकणारा माणूस त्यांच्याखाली सापडतो. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले.

पादचारी पूल बांधू, असं उत्तर मिळेल. बांधा की! पण सायकल खांद्यावर घेऊन त्या पायऱ्या चढणार कोण? आपल्याला हवंय ते जमिनीवरच: वळणाचा कोपरा आवळून घ्या, तिथे फूटपाथच्या उंचीचा उंचवटा करून त्यावर पट्टे मारा, रस्ता रुंद असेल तिथे मध्ये थांबायला जागा ठेवा आणि रात्रपाळीवाल्यांसाठी दिवे लावा. ही काही मेहेरबानी नाही. चालण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी सांगितलंय.

आपापल्या गावच्या येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. नाक्याचा नकाशा महामंडळाकडून मागवा. पायी माणूस कुठून जाणार ते त्यावर बोट ठेवून विचारा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. गोदाममालकांनो, तुम्हीही या, आणि तोवर तुमचे ट्रेलर चालायच्या कडेवर उभे करू नका.

काँक्रीट पडल्यावर कोपरा फोडा म्हणायला गेलो, तर नवी निविदा आणि नवी मंजुरी यांतच वर्षं जातील. म्हणून आत्ताच. येताना, जिथे जीव मुठीत धरून ओलांडता त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून आणा, वेळ लिहून आणा.