यादी झाली, उपचारांचे काय?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महापालिकेच्या दवाखान्यातून मोजक्या दिवसांच्या गोळ्या नेणाऱ्या मुंबईतील मधुमेही घरकामगार स्त्रीपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो लोकल बंद असल्याचा. दुसरा, बुडालेल्या पगाराचा. मोठ्या रुग्णालयांचे मनुष्यबळ कोरोनाच्या कामाला जुंपले गेले होते. रेशनच्या तांदूळ-गव्हावर महिना काढणाऱ्यांना पथ्याचा उपदेश तरी कोणत्या तोंडाने करावयाचा? इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते. ज्या घरात फ्रीज नाही तेथे माठाच्या गारव्यावर ते टिकवावे लागते.

सरकारला याची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. मधुमेह व रक्तदाबाच्या ज्ञात रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशा सेविकांमार्फत किंवा उपकेंद्रातून द्यावीत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सुचविले होते. सूचना रास्तच होती. परंतु रुग्णाची नोंद एका दप्तरात, औषध दुसऱ्याच कोठारात आणि डॉक्टर तिसऱ्याच कामावर असताना ती रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत पोचणार कशी?

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम हाती घेतली. पथके घरोघर गेली, ताप मोजला गेला, घरात मधुमेही कोण आहे याचीही विचारणा झाली. हेतू होता कोरोनाचा धोका ओळखण्याचा. पण ज्या घरात मधुमेही सापडला तेथे पुढच्या महिन्यात साखर तपासावयास कोण जाणार, हे त्याच वेळी ठरावयास हवे होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा मारा एकत्र आले, तेव्हा काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे नेले. मे २०२१ मध्ये केंद्राने तो रोग अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. तोवर हानी होऊन गेली होती.

औषध, तपासणी आणि सल्ला यांची सांगड घालणारी यंत्रणा म्हणजे नवे कार्यालय नव्हे. ती एक ओळखीची व्यक्ती असते. आज ते काम आशेकडे येते, आणि ती नोकरदार नाही, मोबदल्यावर राबणारी आहे. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या, त्याचे कारण याहून वेगळे नव्हते. तिच्या मोबदल्यात मधुमेह्याच्या मासिक भेटीची स्वतंत्र तरतूद करणे, एवढे तरी पुढच्या साथीची वाट न पाहता करता येईल. केसपेपरवर तिचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास तर निराळा निधीही लागत नाही.