पेडलखालची पिन

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाड्या फार नाहीत, पण ज्या आहेत त्या शेवटी आपल्याच गॅरेजांत येतात. जुलै 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेच्या वेगळ्या नोंदणीचे नियम आले आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या बाहेर काढायला मालकांना निमित्त मिळाले. इतकी वर्षे उभी राहिलेली गाडी आली की तक्रार बहुधा ठरलेली असते: क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर खर्र करतो, रिव्हर्स तर पडतच नाही. आणि आपले उत्तरही ठरलेले असते, “क्लचप्लेट गेली, उतरवावी लागेल.”

या उत्तराविरुद्ध मला आज लिहायचे आहे, कारण ते मी स्वतः दिलेले आहे. पाचगणीच्या एका गृहस्थांची एमजीबी पसरणी घाट उतरून माझ्याकडे आली होती. ही गाडी 1962 ते 1980 या काळात बनली. तिचे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातले, त्यामुळे हात लगेच बसला. हिचा नुसता गिअरबॉक्स खाली येत नाही, इंजिन काढावे लागते. आम्ही ते काढले. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, कार्बनचे रिलीज बेअरिंग, सगळे नवे घातले. चौथ्या दिवशी गाडी सुरू केली आणि पहिला गिअर तसाच खरखरला. तेव्हा आमच्या हेल्परने डॅशबोर्डखाली डोके घालून बॅटरी मारली आणि म्हणाला, “दादा, ही पिन बघा.” पेडल आणि मास्टर सिलिंडरचा पुशरॉड जोडणारी ती बोटभर पिन मधोमध झिजून कमरेत बारीक झाली होती, पेडलचे भोक लांबट झाले होते. मजुरी मी परत केली. पार्टचे पैसे मात्र त्यांचे गेले ते गेलेच.

एवढीशी पिन काय करते, याचा हिशेब सोपा आहे. एमजीबीच्या क्लच मास्टरचा बोअर पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर. स्लेव्हचा सव्वा इंच, म्हणजे जवळपास 32. स्लेव्हचे क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून थोडे जास्त भरते, म्हणून वरचे 3 मिलिमीटर खाली एकच होऊन पोहोचतात. स्लेव्हच्या पुशरॉडला साधारण 12 ते 13 मिलिमीटर चाल लागते. पिन आणि भोक मिळून 3 मिलिमीटर खात असतील तर खाली 1 मिलिमीटर गेला. एकट्या त्याने गाडी अडणार नाही. पण फोर्कची पिन झिजलेली, पाइपात थोडी हवा, पेडलखाली जाड गालिचा, असा प्रत्येक जण आपापला मिलिमीटर मागतो आणि शेवटी प्लेट सुटत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी स्टीलची पट्टी घ्या. एकाने पेडल तळापर्यंत दाबावे, दुसऱ्याने स्लेव्हच्या पुशरॉडवर खडूची खूण करून चाल मोजावी. पूर्ण भरली तरच दोष आत आहे आणि उतरवण्याला अर्थ आहे. कमी भरली तर तो वर, पेडल आणि सिलिंडरांत आहे. मग पेडल मिनिटभर दाबून धरा आणि पट्टी हलवू नका. पुशरॉड हळूहळू मागे सरकू लागला आणि बाहेर कुठे थेंब दिसत नसला, तर मास्टरचा रबर वॉशर आतल्या आत ऑइल सोडतो आहे. दोनतीनदा पंप मारल्यावर चाल वाढत असेल तर आधी हवेचा संशय घ्या. हवा वर चढते, तेव्हा स्लेव्हच्या निपलमधून स्वच्छ ऑइलकॅनने ब्रेक ऑइल वर ढकलले तर ती लवकर निघते. क्लच सुटण्याऐवजी घसरत असेल तर होज पाइप बघा. जुना रबर आतून फुगला की ऑइल खाली जाते, पण परत यायला अडते.

एका गोष्टीचा मला फार राग येतो. मूळ मास्टर मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा पाच अष्टमांश इंची बसवला जातो. पेडल हलके होते, मालक खूश होतो. पण त्या बोअरमधून ऑइल जाते 30 टक्के कमी, म्हणजे खाली साडेबारा मिलिमीटरऐवजी पावणेनऊच. कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीत चांगला लेथवाला गाठून मूळ सिलिंडरला मूळ मापाचा स्टीलचा स्लीव्ह घालून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढते, आणि आपल्या पावसात चार महिने उभ्या गाडीचे सिलिंडर गंजून खड्डे पडणारच.

सांगलीकरांना वेगळे सांगायला हवे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. अशा गाडीत पट्टी पूर्ण चाल दाखवते, इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, सुरू केले की एकही नाही. तिथे प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. हेच लक्षण क्रँकच्या टोकाचा पायलट बुश अडकल्यावरही दिसते. इथे मात्र उतरवण्याला पर्याय उरत नाही.

पुढच्या अंकापासून जुन्या गाड्यांच्या मापांचा तक्ता छापायचा विचार आहे: मास्टरचा बोअर, स्लेव्हचा बोअर, पुशरॉडची चाल. एमजीबीची ओळ वर आलीच. तुमच्याकडे जी गाडी उभी असेल तिची मापे जॉबकार्डावर लिहा आणि आम्हाला कळवा. पिन झिजलेली होती की नाही, तेही लिहा.