विमानतळाचा हिशेब कोण मांडणार?

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत, औद्योगिक वसाहतीलगत भाड्याच्या खोलीत राहून मी पीएचडी करते. शेजारी लातूरकडचं कुटुंब आहे. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार, मुलगी एमए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. परवा तिनं विचारलं, "ताई, विमान कंपनीत अर्थशास्त्रवाल्यांचं काय काम?"

काम भरपूर आहे. कोणत्या मार्गावर किती प्रवासी मिळतील, तिकिटाचा दर किती ठेवायचा, विमानतळानं किती शुल्क घ्यायचं, या सगळ्याची आकडेमोड अर्थतज्ज्ञ करतात. मोठ्या विमानतळांचे दर २००८ च्या कायद्यानुसार नेमलेलं आर्थिक नियामक प्राधिकरण पाच-पाच वर्षांसाठी ठरवतं. त्याआधी मसुदा जाहीर करून सूचना मागवतं. कंपन्या आपले तज्ज्ञ घेऊन उतरतात. झाडू मारणाऱ्याचा, सामान चढवणाऱ्याचा पगार तिथे 'खर्च' म्हणून येतो आणि खर्चकपातीला कार्यक्षमता म्हणतात. झाडू कोणत्या जातीच्या हातात आहे, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नसतो.

त्यात आपल्या प्रवेशाचं दारही अरुंद होत चाललंय. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली. मंगळुरूचा विमानतळ २०२० मध्ये पन्नास वर्षांच्या कराराने अदानींकडे गेला. सरकारी मालकी संपली की आरक्षणाचं बंधन संपतं. उरते ओळख, इंग्रजी आणि महागडी इंटर्नशिप, म्हणजेच सवर्णांचं पिढीजात भांडवल.

नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे. तोही खासगी कंपनीला देण्याचा करार झालाय. बाबासाहेब मुळात अर्थतज्ज्ञ. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. १९२५ मध्ये चलन आयोगापुढे बोलताना रुपया स्वस्त झाला तर मजुराचं काय होईल, हा प्रश्न त्यांनी मांडला. हिशेब कोणाच्या बाजूनं मांडायचा, हे त्यांनी तिथेच दाखवून दिलं. आपण पाटीवरच्या नावावर समाधान मानायचं का?

म्हणून खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी लावून धरायला हवी. तोवर इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा आहे, तिथे आरक्षण लागू आहे. सांख्यिकी शिका, प्राधिकरणाचे मसुदे वाचा, त्यावर लेखी सूचना पाठवा. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

शेजारच्या मुलीनं एक मसुदा डाउनलोड केलाय. कंत्राटी मजुरीचा आकडा कुठे लपलाय, ते आम्ही दोघी मिळून शोधतोय.

जय भीम!